अकराव्या आठवड्याची नोंद

बर्नाडीन काचमारेक पहिल्यांदा आमच्या क्लिनिकमध्ये आली तेव्हा तिचा उजवा हात काळ्या झोळीत होता, हात आणि कुशीच्या मध्ये उशी होती आणि तोंडात शिवी होती. शिवी मला नव्हती, झोळीच्या पट्ट्याला होती.

"हा पट्टा ज्याने शिवला ना, त्याला छाती असलेली बाई उभ्या जन्मात भेटलेली नाही," ती म्हणाली. "तू गेल का? मला बर्नी म्हण. बर्नाडीन फक्त आमचे पाद्री म्हणतात, तेही माझ्याकडे काम असलं तर."

ऑक्टोबरचा पहिला आठवडा होता. तिच्या ऑपरेशनला तेरा दिवस झाले होते.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. ईरी शहराच्या पूर्व भागात, टायरच्या दुकानाला लागून आमचं क्लिनिक आहे. तेव्हा मला तिथे सतरा वर्षं झाली होती. खांदे हे माझं मुख्य काम. छत रंगवणारे, ट्रकमधून माल उतरवणारे आणि सगळ्यांत जास्त वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाया. खांद्यातला हाडाचा गोळा चार लहान स्नायू जागेवर धरून ठेवतात. त्यांना हाडाशी जोडणाऱ्या कंडरांचा मिळून एक पट्टा होतो, तो रोटेटर कफ. माणसाला तो आहे हे माहीतही नसतं. फाटला की मग चहाचा कपसुद्धा वर जात नाही.

बर्नी एकोणसाठ वर्षांची होती. बावीस वर्षं एकाच वृद्धाश्रमात सेविका होती. म्हाताऱ्यांना उठवायचं, कुशीवर वळवायचं, आंघोळ घालायची. ऑगस्टमध्ये होलिस नावाच्या अडीचशे पौंडांच्या आजोबांना पलंगावरून खुर्चीत बसवताना ते घसरले. अशा वजनाला दोन माणसं लागतात, नियमच आहे. त्या दिवशी तिघी रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी कोणालाही बोलावलेलं नव्हतं. बर्नीने त्यांना एकटीने धरलं.

"जुनी चादर फाडल्यासारखा आवाज झाला," ती मला सांगत होती. "मी विचारलं, होलिस, तुमची पँट फाटली का? ते म्हणाले, बाई, मी पँट घातलेलीच नाही."

"मग सोडलं का नाही त्यांना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी काहीतरी घाणेरडं बोलले. "सोडायचं म्हणजे? खाली फरशी होती."

पहिले सहा आठवडे अशा खांद्याने स्वतः काही करायचं नसतं. सर्जनने कंडरा हाडाला टाके घालून बसवलेली असते, ती धरायला वेळ लागतो. रुग्ण पाठीवर पडतो, आम्ही त्याचा हात आमच्या हातात घेतो आणि हळूहळू वर नेतो, बाजूला नेतो, जेवढं जमेल तेवढं. त्याने हात पूर्ण सैल सोडायचा. ऐकायला सोपं वाटतं. बर्नीला ते तीन आठवडे जमलं नाही. मी हात उचलला की ती आपसूक मदत करायची.

"सोडा, बर्नी."

"सोडलाय की!"

"मी माझा हात काढून घेतला तर तुमचा हवेत राहील. हा काय सोडला म्हणायचा?"

"अगं, बावीस वर्षं दुसऱ्यांचे हात-पाय मी उचलतेय. माझा कोणी उचलायला लागलं की मला वाटतं आपण मेलोच."

चौथ्या आठवड्यात एका दुपारी, ती मुलीच्या कुत्र्याबद्दल काहीतरी सांगत असताना, तिचा हात माझ्या तळव्यात एकदम जड झाला. पूर्ण वजन. तिचं तिलाच कळलं. ती बोलायची थांबली, छताकडे बघत राहिली. डोळ्यांतून पाणी येऊन कानात गेलं.

"कोणाला सांगू नकोस," ती म्हणाली.

झोळी निघाली. दारावरून टाकलेली दोरी ओढून चांगल्या हाताने दुखरा हात वर न्यायचा, काठी धरून हात बाजूला ढकलायचा, भिंतीवर बोटं चालवत वर जायचं, हे सुरू झालं. भिंतीच्या व्यायामाला ती 'कोळी' म्हणायची. "आज कोळी कुठवर चढवायचाय?" मी भिंतीवर पेन्सिलीने खूण करायची. दर आठवड्याला खूण दोन बोटं वर सरकायची. दुखायचं तेव्हा ती पोलिश भाषेत काहीतरी पुटपुटायची. मी अर्थ विचारला तर म्हणाली, "माझ्या आईने अर्थ सांगितला असता तर तिला पाद्र्यापुढे पापाची कबुली द्यायला जावं लागलं असतं." तिची मुलगी टेस तिला गाडीने आणायची आणि बाहेर गाडीतच झोपायची. तीही पहाटेच्या पाळीला असायची, ब्रेडच्या कारखान्यात.

आता भेटींबद्दल सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही. बर्नीला कामावर इजा झाली होती, त्यामुळे उपचारांचा खर्च तिच्या मालकाची विमा कंपनी करत होती. कंपनी एकदम सहा भेटींना परवानगी द्यायची. सहा संपल्या की आमच्या नोंदी वाचायची आणि पुढच्या सहा द्यायच्या की नाही ते ठरवायची. वाचणाऱ्या बाईचं नाव ट्रूडी लॅन्सिंग. पूर्वी नर्स होती, आवाज गोड. तिला नोंदीत सुधारणा दिसायला हवी. सुधारणा दिसली नाही तर ती म्हणणार, उपचारांचा उपयोग नाही, थांबवा. फार दिसली तर म्हणणार, बरी झाली, थांबवा. या दोन्हींच्या मधून नोंद लिहीत जायचं हे मी सतरा वर्षांत शिकले होते. मला वाटत होतं, चांगलं शिकले होते.

डिसेंबरच्या सुरुवातीला, ऑपरेशननंतरच्या अकराव्या आठवड्यात, बर्नी आली ती हसतच. हातात खसखशीची गुंडाळी होती, त्यांच्याकडे नाताळला करतात ती, फॉइलमध्ये बांधलेली.

"आईचं मोठं भांडं काढलं," ती म्हणाली. "पीठ मळायचं. फडताळात सगळ्यात वर असतं. दोन्ही हातांनी काढलं."

"बर्नी! तुम्हाला मी काय सांगितलं होतं? पाच पौंडांच्या वर काही नाही, आणि डोक्यावर तर..."

"अगं, ऐक तर! वजन सगळं डाव्याने घेतलं. उजवा नुसता मिरवायला. बोटं टेकवली होती, बस्स. पण वर गेला ना! ऑगस्टपासून पहिल्यांदा गेला."

"दुखलं का?"

"दहापैकी एक. खाली आणल्यावर तीन. मग बर्फ लावला, तू सांगितलंस तसा."

मी कोन मोजला. हात एकशे अडतीस अंशांपर्यंत वर जात होता. ताकद अजून नव्हती, ती यायला आणखी दोन-तीन महिने लागणार होते. मी तिला रागावले, मग आम्ही दोघींनी खसखशीची गुंडाळी खाल्ली. फार छान झाली होती.

त्या दिवशी मला तीन नोंदी लिहायच्या होत्या आणि पुढचा रुग्ण येऊन बसला होता. शिवाय बर्नीच्या सहा भेटी त्या दिवशी संपत होत्या. ट्रूडीला दाखवायला काहीतरी ठसठशीत हवं होतं. 'दैनंदिन कामांतील सुधारणा' या चौकटीत मी लिहिलं: 'रुग्ण उजव्या हाताने डोक्यावरच्या फडताळातून जड भांडे काढू शकते. वेदना दहापैकी एक.'

डावा हात लिहिला नाही. बर्फ लिहिला नाही. खाली आणल्यावरचे तीन लिहिले नाहीत. लिहिलं ते तिला आणखी सहा भेटी मिळाव्यात म्हणून. हे मी आजही शपथेवर सांगेन. मात्र जिथे शपथ घेतली होती तिथे सांगितलं नाही, ते पुढे येतंच.

सहा भेटी मिळाल्या नाहीत. विमा कंपनीने बर्नीला स्वतःच्या एका डॉक्टरकडे तपासायला पाठवलं. त्याने नऊ मिनिटं तपासलं. बर्नीने भिंतीवरच्या घड्याळात बघून मोजलं होतं. त्याने तिला हात वर करायला सांगितला, तिने केला. माझी नोंद त्याच्या समोर टेबलावर होती. जानेवारीच्या पहिल्या सोमवारी कोणत्याही बंधनाशिवाय पूर्ण कामावर हजर व्हावं, असं पत्र तिला आलं. हजर झाली नाही तर पगाराची भरपाई बंद.

ती ते पत्र घेऊन माझ्याकडे आली. भेट नव्हती, तशीच आली. कोट काढला नाही.

"हे काय आहे, गेल?"

मी वाचलं. माझं वाक्य त्यात जसंच्या तसं होतं, अवतरणचिन्हांत.

"मी असं म्हणाले होते तुला?"

"मी तुमच्या भेटी वाढाव्यात म्हणून..."

"ते जाऊ दे. आता लिही की हिचा खांदा अजून तयार नाही. तू रोज धरतेस तो. त्या माणसाने बोटसुद्धा नीट लावलं नाही."

मी कर्टिसकडे गेले. कर्टिस ओडम आमचा व्यवस्थापक, माझ्याच वयाचा, एकेकाळी माझ्या शेजारच्या टेबलावर गुडघे बघायचा. त्याने पत्र वाचलं आणि चष्मा काढला.

"गेल, कामावर जायचं की नाही हे डॉक्टर ठरवतो. आपण नाही."

"निदान आधीच्या नोंदीत भर तर घालू दे. तिने डाव्या हाताने..."

"तारीख बघ. तीन आठवड्यांपूर्वीची नोंद, आणि कंपनीने निर्णय घेतल्यावर तू ती बदलणार? ह्याला काय म्हणतात माहितीये तुला? आपले निम्मे रुग्ण या एका कंपनीकडून येतात. त्यांनी आपलं नाव यादीतून काढलं तर तू काय त्या टायरच्या दुकानात खांदे बघणार आहेस?"

"मग मी तिला काय सांगू?"

"सर्जनला फोन करायला सांग. त्याचा शब्द चालतो."

सर्जनच्या कार्यालयात मीच फोन केला. नाताळची सुटी होती, यंत्रावर निरोप ठेवला. कोणी उलट फोन केला नाही. मी दुसऱ्यांदा केला नाही. त्या आठवड्यात माझ्या घरी पाहुणे होते. कारण म्हणून सांगत नाही, जे होतं ते सांगतेय.

बर्नी सोमवारी कामावर गेली.

पुढचं मला टेसकडून नंतर कळलं. पहिल्या दिवशी तिला अकरा म्हातारे दिले होते. तिथल्या मुख्य बाईने सगळ्यांसमोर म्हटलं, "या, या, चार महिने सुटी भोगून आलात!" बर्नीने डाव्या हाताने जेवढं होईल तेवढं केलं. तिसऱ्या आठवड्यात एका आजींच्या अंगाखालची ओली चादर ओढताना खांद्यात काहीतरी सरकलं. आवाज झाला नाही. कोणी पाहिलं नाही. पुन्हा रडगाणं गातेय असं म्हणतील म्हणून तिने कोणाला सांगितलं नाही, अर्जही भरला नाही. चार दिवस तशीच काम करत राहिली. पाचव्या दिवशी सकाळी तिला ब्रश तोंडापर्यंत नेता येईना.

नवीन एमआरआय झाला. टाके घातलेली कंडरा हाडापासून सुटून आत ओढली गेली होती. स्नायू सुकायला लागला होता. सर्जन आता स्वतः बोलला, अगदी स्पष्ट बोलला. पुन्हा टाके घालण्यासारखं काही उरलेलं नाही.

विमा कंपनीने यावेळी पैसे द्यायला नकार दिला. त्यांचं म्हणणं असं, की ही इजा कामावर झालेलीच नाही. रुग्णाने डिसेंबरमध्ये घरी, फिजिओथेरपिस्टने मनाई केलेली असताना, डोक्यावरचं जड भांडं काढलं, तेव्हाच टाके तुटले. पुरावा काय? माझी नोंद. डिसेंबरात ज्या वाक्याने बर्नी ठणठणीत बरी झाली होती, त्याच वाक्याने मार्चमध्ये तिने स्वतःचा खांदा स्वतः मोडला होता.

सुनावणी सप्टेंबरमध्ये झाली. मला साक्षीला बोलावणं आलं. आदल्या दिवशी कर्टिसने मला त्याच्या खोलीत बसवलं.

"जे लिहिलंय ते लिहिलंय, एवढंच म्हण," तो म्हणाला. "तू सांगितलंस की नोंद अर्धवट होती, तर पुढचा प्रश्न येईल, का? मग तू म्हणणार, भेटी मिळवायला. मग तुझ्या सतरा वर्षांच्या सगळ्या नोंदी काढतील. तुझा परवाना जाईल, क्लिनिक जाईल. मी तुला घाबरवत नाहीये."

तो खरंच घाबरवत नव्हता. तो स्वतः घाबरला होता.

खोली लहान होती, शाळेच्या वर्गासारखी. न्यायाधीश बाई समोर, बर्नी आणि तिचा वकील डावीकडे. बर्नीने निळा कोट घातला होता. उजवी बाही आत हात न घालता नुसती खांद्यावर टाकलेली होती. मी आत आले तेव्हा तिने मला बघून मान हलवली. बरं झालं आलीस, अशी.

विमा कंपनीची वकील तरुण होती, फार अदबीने बोलत होती. तिने माझी नोंद मोठ्याने वाचली.

"हे तुम्ही लिहिलंय?"

"हो."

"त्याच दिवशी?"

"हो."

"रुग्णाने जे सांगितलं त्याच्यावरून?"

"हो."

"मिसेस फिस्क, तुम्ही नोंदी बरोबर आणि पूर्ण लिहिता का?"

कर्टिस मागच्या रांगेत बसला होता. मी वळून पाहिलं नाही, पण त्याच्या खुर्चीचा आवाज ऐकला.

"हो," मी म्हणाले.

मग बर्नीचा वकील उठला. म्हातारा माणूस, गळ्यात मफलर, सर्दी झालेली. त्याने एकच प्रश्न विचारला. "माझ्या अशिलाने तुम्हाला त्या दिवशी हेही सांगितलं होतं की भांड्याचं वजन तिने डाव्या हाताने घेतलं. आठवतं का?"

मला आठवत होतं. तिचा शब्दही आठवत होता, मिरवायला. फॉइलचा आवाज आठवत होता.

"तसं काही आठवत नाही," मी म्हणाले.

बर्नीकडे बघायचं नाही असं मी ठरवलं होतं, तरी पाहिलं. तिचं तोंड किंचित उघडं होतं. राग नव्हता तिथे. समोरचा माणूस चक्कर येऊन पडतोय आणि आपण त्याला धरायला उठू शकत नाही, असं काहीतरी होतं.

बाहेर बोळात ती टेसबरोबर पाण्याच्या नळाजवळ उभी होती. मला तिच्यासमोरूनच जावं लागलं.

"आठवत नाही?" ती म्हणाली.

मी पर्सची चेन लावायला लागले.

"आमच्या वृद्धाश्रमात एक बाई आहे, ब्याण्णव वर्षांची," बर्नी म्हणाली. "तिला तिच्या नवऱ्याचं नाव आठवत नाही. पण कोणी तिला खोटं बोललेलं तिला बरोबर कळतं. तू काय गं, पंचेचाळीसची असशील."

"आई, चल," टेस म्हणाली. टेसने माझ्याकडे पाहिलंही नाही.

त्यानंतर मी नोंदी पूर्ण लिहायला लागले. एक रंगारी होता, त्याने सांगितलं की काल मी पंखा लावला. मी विचारलं, कोणत्या हाताने, किती वेळ, नंतर दुखलं का, आणि सगळं लिहिलं. ट्रूडीने बाराव्या भेटीनंतर त्याचे उपचार थांबवले. पुरेशी सुधारणा दिसत नाही म्हणाली. तो हात कानापर्यंतच वर जात असताना निघून गेला. जाताना माझे आभार मानले.

बर्नीचा निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला. ती हरली. पहिल्या इजेचं जे मिळालं ते मिळालं, दुसऱ्याचं काही नाही, पुढचे उपचारही नाहीत. वृद्धाश्रमाने तिला कामावरून काढून टाकलं, कारण वजन उचलू न शकणारी सेविका त्यांना चालत नव्हती. हे सगळं मला वर्तमानपत्र टाकल्यासारखं आमच्या स्वागतकक्षातल्या मुलीने सांगितलं. तिची मावशी तिथे कामाला होती.

डिसेंबरमध्ये कर्टिसला पिट्सबर्गमध्ये मोठी नोकरी लागली. त्याच्या जागी मला नेमलं. निरोपाच्या केकवर कोणीतरी साखरेचा खांदा काढला होता. लोक हसले, मीही हसले.

जानेवारीत एका शनिवारी मी बर्नीच्या घरी गेले. आधी फोन केला नाही, केला असता तर ती नको म्हणाली असती. बर्फ घोट्याएवढा होता. दार टेसने उघडलं. ती काही बोलायच्या आत आतून बर्नीचा आवाज आला. "कोण आहे? येऊ दे, थंडी आत येतेय."

बर्नी स्वयंपाकघरात बसली होती. उजवा हात मांडीवर होता, तळवा वर करून, दुसऱ्या कोणाचा तिथे ठेवून गेल्यासारखा. केस आखूड कापलेले होते. माझी नजर तिथे गेलेली तिने पाहिली.

"विंचरता येत नाहीत," ती म्हणाली. "टेसला रोज वेळ नसतो. बस. कॉफी मिळणार नाही."

मी बसले. घरून मी बरंच काही ठरवून आले होते. आठवड्यातून दोनदा येईन, पैसे नकोत, जे स्नायू शिल्लक आहेत त्यांच्यावर काम करता येईल, दंडाचा पुढचा भाग, पाठीचा वरचा भाग, बर्‍याच जणांना थोडाफार फायदा होतो. ते सगळं मी बोलले. ती ऐकत राहिली.

"अजून?" ती म्हणाली.

"मला आठवत होतं," मी म्हणाले. "त्या दिवशी. डाव्या हाताचं. मला सगळं आठवत होतं, बर्नी. मी खोटं बोलले."

"हे मला कशाला सांगतेस? मी तिथेच होते की."

"तुमच्या वकिलाला सांगते. न्यायाधीशांना लिहून देते. जे लागेल ते..."

बर्नी टेसकडे बघून हसली. चांगलं हसणं नव्हतं. "सांग गं हिला."

टेस ओट्याला टेकून उभी होती. "निकाल लागल्यापासून वीस दिवसांत अपील करायचं असतं," ती म्हणाली. "वकिलाने तुमच्या क्लिनिकला पत्र पाठवलं होतं. काही आठवलं का असं विचारायला. उत्तर आलं नाही. नवीन काही नाही म्हणून त्याने अपील केलंच नाही."

"मला पत्र मिळालं नाही," मी म्हणाले. ते खरं होतं. ते कर्टिसने उघडलं असणार.

"आज कितवा दिवस आहे?" बर्नीने विचारलं.

"पन्नासावा," टेस म्हणाली. तिने मोजून ठेवले होते.

"मला वीस दिवसांचं माहीत नव्हतं."

"विचारलंस का कोणाला?"

"नाही."

"तो तुमचा माणूस गेला ना, कर्टिस?" बर्नी म्हणाली. "डिसेंबरात. ऐकलं मी. आणि तू आज आलीस." ती हे आवाज न चढवता बोलली, तापमान वाचून दाखवावं तसं. "मी तुझ्या जागी असते तर घाबरले नसते असं मी म्हणत नाही. मी पण चार दिवस घाबरून गप्प बसले होते. पण माझ्या घाबरण्याने माझाच हात गेला."

मला रडू येत होतं आणि तिच्यासमोर रडायचा मला हक्क नाही हेही कळत होतं. मी खिडकीकडे बघत राहिले. शेजारचा माणूस यंत्राने बर्फ उडवत होता.

"मग मी मंगळवारी येऊ का?" मी विचारलं. "व्यायामांना."

"नको."

"दुसऱ्या कोणाला पाठवते. माझी एक मैत्रीण आहे, ती..."

"गेल." त्या दिवशी तिने पहिल्यांदाच माझं नाव घेतलं. "नको म्हटलं ना."

मी उठले. दाराशी बूट घालताना मला नाडी बांधता येईना. बर्नी टेबलापासून उठून आली आणि माझ्याकडे बघत उभी राहिली. मग बावीस वर्षांच्या सवयीने ती माझ्या बुटाकडे वाकायला लागली, आणि अर्ध्यावर थांबली.

"टेस, हिची नाडी बांध," ती म्हणाली. "पडेल ती पायऱ्यांवर. बर्फावर मीठ टाकलेलं नाहीये."

टेसने गुडघ्यावर बसून माझी नाडी बांधली, घट्ट, दोनदा गाठ मारून.

उन्हाळ्यात त्यांनी ते घर विकलं. स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली, दोघी ओहायोत कुठेतरी गेल्या, टेसला तिथे दिवसाची पाळी मिळाली. गावाचं नाव तिला माहीत नव्हतं.